ऐंशी मीटरवरून दिसणारं जॅकेट

सातारा-कोरेगाव रस्त्यावर संगम माहुलीच्या पुढे आमच्या फर्मला मोऱ्या रुंद करायचं काम मिळालं. कामाच्या अटींत सुरक्षेच्या पानावर एक ओळ होती: रस्त्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात मानकाप्रमाणे सेफ्टी जॅकेट हवं. ही ओळ बहुतेक कामांत असते आणि आमच्या धंद्यात तिचा अर्थही ठरून गेला आहे. हार्डवेअरच्या दुकानात जायचं, डझनाच्या भावात जाळीची जॅकेटं उचलायची आणि साहेब पाहणीला आले की सगळ्यांच्या अंगावर चढवायची.

या कामाला मला तसं करायचं नव्हतं. फर्ममध्ये स्टोअर आणि सुरक्षा दोन्ही माझ्याकडे आहेत. काम दिवाळीनंतर सुरू होणार, म्हणजे ऐन गाळपाच्या हंगामात. त्या दिवसांत हा रस्ता रात्रभर वाहता असतो. डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, उसाच्या बैलगाड्या, रिकामे होऊन परत पळणारे ट्रक आणि त्यांच्यामधून वाट काढणारे दुचाकीवाले. पहाटे कृष्णेकाठी धुकं धरतं ते वेगळंच. मोरीच्या स्लॅबचं काँक्रीट एकदा ओतायला घेतलं की मध्येच सोडता येत नाही. दुपारी सुरू केलेलं काम सहज रात्रीचे दहा वाजवतं. अशा वेळी रस्त्याच्या कडेला घमेलं घेऊन उभ्या असलेल्या माणसाला वाचवणारी वस्तू म्हणजे त्याच्या अंगातलं हे जॅकेट.

आमच्या मालकांना, अण्णांना, मी सांगितलं की यंदा जॅकेटं मी पारखून घेणार, थोडी महाग पडतील.

"किती महाग?"

"ते पारखल्यावर सांगते, अण्णा."

ते काही बोलले नाहीत. अण्णा नको असेल तर लगेच नाही म्हणतात, तेव्हा मी कामाला लागले.

अटीत 'मानकाप्रमाणे' लिहिलं होतं, पण कुठलं मानक ते लिहिलेलं नव्हतं. भारतीय मानक ब्युरोचं या कपड्यांसाठी स्वतंत्र मानक आहे, आयएस १५८०९. आंतरराष्ट्रीय मानक आहे आयएसओ २०४७१. ते २०१३ साली आलं आणि त्याने युरोपातल्या जुन्या ईएन ४७१ ची जागा घेतली. मी ठरवलं की कपड्यावर आयएसआय खूण आयएस १५८०९ ची हवी आणि मापं मी स्वतः आयएसओ २०४७१ शी ताडून बघणार.

आयएसओ २०४७१ मध्ये कपड्यांचे तीन वर्ग आहेत. कपड्यावर चमकदार रंगाचं कापड किती आणि रिफ्लेक्टर पट्टी किती, यावर वर्ग ठरतो. वर्ग १ ला कापड ०.१४ चौरस मीटर आणि पट्टी ०.१० चौरस मीटर पुरते. वर्ग २ ला कापड ०.५० आणि पट्टी ०.१३. वर्ग ३ ला कापड ०.८० आणि पट्टी ०.२०. पट्टीची रुंदी ५० मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. दोन आडव्या पट्ट्यांत किमान ५० मिलिमीटर अंतर हवं, आणि खालची पट्टी जॅकेटाच्या काठापासूनही तेवढीच वर हवी. बाजूने वाहनं ताशी ६० किलोमीटरपर्यंत जात असतील तर वर्ग २ आणि त्याहून वेगाने जात असतील तर वर्ग ३, असा त्यात सल्ला आहे. आमच्या कामावर वळण रस्त्याचे फलक, शंकू आणि वेगमर्यादा लावून वाहनं हळू करायची होती, म्हणून सर्वांना वर्ग २ आणि झेंडेवाल्यांना वर्ग ३ असं मी धरलं. झेंडेवाला सगळ्यात पुढे, एकटा, येणाऱ्या गाडीच्या तोंडावर उभा असतो. त्याच्या बाबतीत मी काही कमी करायला तयार नव्हते.

आता बाजार. पोवई नाक्याच्या आसपासची दुकानं, औद्योगिक वसाहतीतला सेफ्टीच्या मालाचा एक व्यापारी आणि पुण्याहून कुरिअरने नमुने पाठवणारे दोघे, असे मिळून टेबलावर नमुन्यांचा ढीग झाला. निम्म्यांवर लेबलच नव्हतं. काहींवर अजून ईएन ४७१ छापलेलं होतं. ते मानक जाऊन इतकी वर्षं झाली, तरी लेबल बदलायची तसदी कुणी घेतली नव्हती. एका व्यापाऱ्याने बिनबाह्यांचं जॅकेट 'क्लास थ्री' म्हणून पुढे केलं. वर्ग ३ च्या कपड्याने छाती-पाठ तर झाकावी लागतेच, वर पट्ट्या असलेल्या बाह्या तरी लागतात नाहीतर पट्ट्या असलेली पूर्ण पँट तरी. बिनबाह्यांचं जॅकेट एकट्याने वर्ग ३ होऊच शकत नाही. मी त्यांना तसं सांगितलं, तर ते म्हणाले, "ताई, सगळे हेच नेतात." सगळे नेत असतील. म्हणून तर बोलायला हवं.

आयएसआय खुणेचं तपासणं सोपं आहे आणि ते प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं. खुणेच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. मोबाइलवर मानक ब्युरोचं बीआयएस केअर अॅप घेतलं की तो क्रमांक टाकून परवाना कुणाचा, कुठल्या वस्तूचा, चालू आहे की संपला, हे समोर येतं. माझ्याकडच्या एका नमुन्यावर खूण होती पण क्रमांकच नव्हता. दुसऱ्यावर क्रमांक होता, पण अॅपमध्ये टाकला तर परवाना निघाला भलत्याच वस्तूचा. त्या व्यापाऱ्याला फोन केला, तर त्यांनी एका प्रयोगशाळेच्या अहवालाची पीडीएफ पाठवली. अहवाल खरा असेलही, पण त्यात लिहिलेलं कापड केशरी विणीचं होतं आणि माझ्या हातातला नमुना पोपटी जाळीचा. अहवाल कशाचा आहे, कुठल्या रंगाचा, कुठल्या पट्टीचा, हे वाचल्याशिवाय तो फाइलला लावू नये.

मग मी शिवणाची टेप घेऊन बसले. हा भाग मला सगळ्यांत उपयोगाचा वाटतो, कारण त्याला प्रयोगशाळा लागत नाही. वर्ग २ ला पट्टी ०.१३ चौरस मीटर हवी. पट्टी ५० मिलिमीटर रुंद असेल तर तेवढं क्षेत्रफळ व्हायला २ मीटर ६० सेंटिमीटर लांबी लागते. जॅकेट टेबलावर पसरायचं, दोन आडव्या पट्ट्या, दोन खांद्यांवरच्या उभ्या पट्ट्या, सगळ्यांवरून टेप फिरवायची आणि बेरीज करायची. बेरीज २ मीटर ६० ला पोचली नाही तर लेबलवर काहीही लिहिलेलं असो, ते वर्ग २ नाही. ढिगातल्या स्वस्त जॅकेटांची पट्टी मोजली तर रुंदीच इंचभर, म्हणजे २५ मिलिमीटर. काहींना पट्टी फक्त पुढे आणि पाठीवर, कुशीत नाहीच. बाजूने येणाऱ्या गाडीला तो माणूस दिसायचा कसा? पट्टी कमरेभोवती पूर्ण फिरली पाहिजे. एकाची पट्टी ५० मिलिमीटर दिसत होती, पण तिच्या दोन्ही कडांना रंगीत गोट होता आणि मधला चकाकणारा भाग भरत होता जेमतेम पस्तीस. मोजायचा तो चकाकणारा भाग.

कापडाचं मापही घ्यावं लागतं आणि तिथे लहान साइज फसवते. मोठ्या साइजचं जॅकेट ०.५० चौरस मीटर भरतं, पण त्याच नमुन्याची छोटी साइज भरत नाही. आमच्या बायाबापड्यांत किरकोळ अंगाच्या पुष्कळ, त्यांना मीडियम आणि स्मॉल लागतं. म्हणून मी व्यापाऱ्यांकडून मुद्दाम सगळ्यांत लहान साइज मागवली आणि तीच मोजली.

यातून चार नमुने टिकले. आता ते अंधारात बघायचे होते.

आमच्या खडीच्या क्रशरकडे जाणारा खासगी रस्ता बराच सरळ आहे आणि रात्री तिथे कुणी येत नाही. टेप लावून ४०, ८० आणि १२० मीटरवर चुन्याच्या खुणा केल्या. हे आकडे मनाचे नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबाने ताशी ६० किलोमीटर वेगाच्या गाडीला धोका दिसून थांबायला ८० मीटर लागतात आणि ८० च्या वेगाला १२० मीटर. यात चालकाने बघून, समजून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंतचे अडीच सेकंद धरलेले आहेत. ६० च्या वेगाने तेवढ्या अडीच सेकंदांतच गाडी चाळीसएक मीटर पुढे आलेली असते. म्हणजे ८० मीटरवर जो माणूस दिसत नाही त्याच्यासाठी ब्रेकचा उपयोग नाही.

पिकअप उभी केली, दिवे खाली पाडलेले. चार गडी चार जॅकेटं घालून ओळीने उभे राहिले आणि पाचवा नेहमीच्या जुन्या जाळीच्या जॅकेटात. मी चालकाच्या जागी बसले, शेजारी अण्णा. चाळीस मीटरवर पाचही दिसत होते. ऐंशीवर नवे चौघे पांढरेशुभ्र उजळून दिसले आणि पाचवा, तिथे कुणीतरी आहे हे माहीत होतं म्हणून अंदाजाने दिसला. एकशेवीसवर चारांतले तीन. अण्णा जवळ झुकून काचेतून बघत होते. त्यांनी विचारलं, "तो डावीकडचा आपल्या स्टोअरमधलाच ना?" मी म्हटलं, हो. पुढची खरेदी त्यांच्या मनात तिथेच ठरली असावी, कारण त्यानंतर त्यांनी दराचा विषय काढला तो फक्त घासाघीस करण्यापुरता.

मग मी हट्टाने सगळं पुन्हा डंपरच्या केबिनमधून बघायला लावलं. या पट्टीवर बारीक काचेचे मणी असतात. मांजराच्या डोळ्यावर बॅटरी पडली की तो उजेड बॅटरी धरणाऱ्याकडेच परत येतो, तसा हे मणी उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतात. कारमध्ये दिवे आणि चालकाचे डोळे यांत फारसं अंतर नसतं. डंपरचा चालक दिव्यांच्या बराच वर बसतो, त्यामुळे परत आलेला उजेड त्याच्या डोळ्यांपर्यंत कमी पोचतो. मानकातल्या तक्त्यात हे स्पष्ट दिसतं. दिवा आणि डोळा यांत १२ मिनिटांचा, म्हणजे एका अंशाच्या पाचव्या भागाएवढा, कोन असेल तर समोरून बघताना पट्टीने किमान ३३० एकक उजेड परत द्यायला हवा. तोच कोन १ अंश झाला तर किमान अट फक्त २५ एककांची. ऐंशी मीटरवर एक अंश म्हणजे साधारण एक मीटर चाळीस सेंटिमीटरचा फरक, आणि डंपरमध्ये तेवढा होतोच. उसाच्या हंगामात आमच्या रस्त्यावर धावणारी निम्मी वाहनं उंच केबिनची, तेव्हा कारमधून बघून समाधान मानण्यात अर्थ नव्हता. डंपरमधून ऐंशी मीटरवर चारांपैकी दोनच जॅकेटं ठळक दिसली. आमचा डंपरवाला भाऊ म्हणाला, "ताई, त्या दोघास्नी मी कधीबी वळखीन. बाकीचं गडी ट्रॅक्टरच्या धुरळ्यात गेलं तर मला न्हाई दिसायचं."

हीच गोष्ट दुकानातल्या काउंटरवरही थोडी बघता येते. मोबाइलची बॅटरी कानशिलाला टेकवून धरायची आणि पाच-सात मीटरवरून पट्टीकडे बघायचं, ती झगझगते. आता हात लांब करून बॅटरी डोळ्यांपासून दूर न्यायची, चकाकी एकदम उतरते. जी पट्टी कानशिलाजवळ बॅटरी धरूनही नुसती राखाडी दिसते ती चांदीच्या रंगाची साधी चकचकीत पट्टी असते. तिला रिफ्लेक्टर म्हणून विकतात.

त्याच रात्री मी गड्यांना वाकायला सांगितलं. आमची माणसं दिवसातला अर्धा वेळ वाकलेली असतात, खोऱ्याने माल ओढताना, सळ्या बांधताना. माणूस गाडीकडे तोंड करून वाकला की छातीच्या आणि कमरेच्या आडव्या पट्ट्या दडतात आणि गाडीवाल्याला दिसतात त्या खांद्यांवरच्या उभ्या पट्ट्या. नुसत्या दोन आडव्या पट्ट्यांचं जॅकेटही मानकात बसू शकतं, पण खांद्यावर पट्टी नसलेलं जॅकेट मी तिथेच बाजूला टाकलं.

रंगावरून मात्र आमच्यात बराच वाद झाला. बाजारात पोपटी पिवळा जास्त मिळतो आणि संधिप्रकाशात माणसाच्या डोळ्याला तोच सगळ्यांत उजळ दिसतो. पण आमच्या कामाच्या दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. उन्हात हिरव्यागार उसापुढे पोपटी जॅकेट मिसळून जातं, केशरी उठून दिसतं. उलट मुकादमाचं म्हणणं होतं की जेसीबी पिवळा, शंकू केशरी, बॅरिकेडवर केशरी, त्यात केशरी माणूस कुठला कळणार. त्याचंही खरं होतं. शेवटी दिवसा, दुपारी आणि मावळतीला रस्त्यावर माणसं उभी करून बघितलं आणि उसापुढे केशरीच जिंकला. झेंडेवाल्यांसाठी पिवळा घेतला, कारण ते केशरी शंकूंच्या ओळीतच उभे असतात. तुमच्याकडे माळरान असेल, तांबडी माती असेल, तर उत्तर वेगळं येईल. पाटणच्या वरच्या अंगाला, तांबड्या मातीत काम असतं तर मी सगळ्यांना पोपटीच घेतलं असतं. आणि हा रंग दिवसाचा आहे हे लक्षात ठेवायला हवं. उन्हातल्या न दिसणाऱ्या किरणांमुळे तो एवढा झळकतो. रात्री फ्लडलाइटखाली ते नुसतं रंगीत कापड, तिथे सगळी भिस्त पट्टीवर.

बायकांचं काय, हा प्रश्न कुठल्याच व्यापाऱ्याने मला विचारला नाही. आमच्याकडे घमेली वाहणाऱ्यांत बायकाच जास्त. लुगडं किंवा साडी, त्यावर पुरुषी पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला फडकं आणि त्यावर चुंबळ. जॅकेट घातलं की पदर वरून येतो आणि पाठीवरची अर्धी पट्टी झाकतो. एका मावशींना मी सांगितलं, पदर आतून खोचा, जॅकेट सगळ्यांत वर राहू दे. त्या म्हणाल्या, "आत खोचला तर घाम पुसू कशानं, ताई? मला ह्याला एक खिसा तरी दे, न्हाईतर रुमाल ठेवायला काय तरी दे." खिसा मानकाच्या आड येत नाही, पट्टीवर आला नाही म्हणजे झालं. व्यापाऱ्याकडून आतल्या बाजूने एक खिसा लावून घेतला. तेवढ्यावर मावशींनी पदर आत घेतला आणि त्यांचं बघून बाकीच्या बायकांनीही. दिवसभर घालायची वस्तू घालणाऱ्याला न विचारता घेतली तर ती झाडाला लटकलेली सापडते.

जॅकेट बंद करायचं कसं, यातही विचार करावा लागला. नाडी बांधलेली जॅकेटं मला मिक्सरजवळ नको होती. फिरणाऱ्या भागात टोक अडकलं तर नाडी माणसाला ओढून नेते. वेलक्रोचं जॅकेट जोर पडला की सुटतं, म्हणून मिक्सर, व्हायब्रेटर आणि विंचजवळ वेलक्रोच. बाकी ठिकाणी पुढे चेन. वेलक्रोत सिमेंट आणि सुताचे धागे भरतात आणि तो महिन्याभरात पकड सोडतो, हे खरं आहे. त्यावर जुन्या दातांच्या ब्रशने आठवड्यातून एकदा तो साफ करणं हाच इलाज सापडला. फार सैल जॅकेटही घातक. वाऱ्यावर उडणारं जॅकेट यंत्रात जातं आणि पट्टीच्या घड्या पडून ती दिसतही नाही. म्हणून चार साइज मागवल्या आणि प्रत्येकाला घालून बघून दिल्या.

उरलेली दोन्ही जॅकेटं टिकतात किती, हे बघायला मी ती थोडी थोडी घेऊन दुसऱ्या एका साइटवर दिली आणि सोडून दिलं. घमेलंवाल्या, सळई बांधणारे, व्हायब्रेटरवाला, झेंडेवाला, अशी वेगवेगळ्या कामांची माणसं निवडली. दीड-दोन महिन्यांनी ती परत घेऊन टेबलावर मांडली तेव्हा कुणाचं काम काय हे जॅकेटावरून ओळखता येत होतं. सळई वाहणाऱ्यांच्या उजव्या खांद्यावरची पट्टी घासून काळी पडली होती, कारण सळई त्याच खांद्यावर घेतात. व्हायब्रेटरवाल्याच्या पोटावर काँक्रीटची खपली बसली होती. झेंडेवाल्याचं जॅकेट स्वच्छ, पण रंग उन्हाने उतरलेला. कपाटात ठेवलेलं कोरं जॅकेट शेजारी धरल्यावरच तो फरक डोळ्यांत भरला. रोज बघणाऱ्याला रंग उतरलेला कळत नाही, म्हणून प्रत्येक खरेदीतलं एक जॅकेट मी आता कागदात गुंडाळून स्टोअरमध्ये ठेवते.

दोघांतलं एक जॅकेट गरम दाबून चिकटवलेल्या पट्टीचं होतं. हलकं, अंगाला बरं वाटणारं. पण कंबरेत जिथे माणूस वाकतो तिथे पट्टीला भेगा पडून तिची पोपडी सुटायला लागली होती. दुसऱ्याची पट्टी कापडाच्या अस्तरावरची आणि दोन्ही कडांनी शिवलेली. तिचे मणी घासले गेले होते पण पट्टी जागेवर होती. मी ते जॅकेट उलटं करून शिवण बघितली. टाके बारीक आणि सारखे, सुरुवातीला आणि शेवटी टाका उलटा फिरवून पक्का केलेला, काखेच्या आणि गळ्याच्या काठाला गोट. बाद केलेल्या नमुन्यांत काखेत कच्च्या कडा तशाच सोडलेल्या होत्या आणि फाटण्याची सुरुवात तिथूनच होते. कापड म्हणाल तर पातळ जाळी घामाला चांगली, पण सळईच्या तारेत अडकून तिचे धागे ओढले जातात. आम्ही पाठीला आणि पुढे घट्ट विणीचं पॉलिस्टर आणि फक्त कुशीत जाळी असं घेतलं. उन्हाळ्यात गरम होतं अशी तक्रार आली, ती मी मान्य करते. त्यावर उत्तर जॅकेट काढणं हे नाही. दुपारच्या सुट्टीची वेळ वाढवली आणि पाण्याचा माठ कामाजवळ आणला.

धुण्याने जॅकेटं जेवढी मरतात तेवढी कामाने मरत नाहीत. लेबलवर कपडा किती वेळा धुतला तरी गुणधर्म टिकतील याचा आकडा असतो. आमच्या जॅकेटावर २५ लिहिलेलं होतं. पण तो आकडा लेबलवर सांगितलेल्या पद्धतीने धुतलं तर. आमच्याकडे जॅकेट कालव्यावर दगडावर आपटलं जातं, पट्टीवर कपड्यांचा ब्रश मारला जातो आणि पट्टी काळी पडली म्हणून ब्लीच टाकलं जातं. ब्रशने मणी उखडतात, ब्लीचने रंग जातो. म्हणून माणशी दोन जॅकेटं दिली आणि सिमेंट ओलं असतानाच संध्याकाळी साध्या पाण्यात खळबळून काढायचं, पट्टी फडक्याने पुसायची, सावलीत वाळत घालायचं, एवढंच सांगितलं. सिमेंट एकदा वाळलं की मग ते तारेच्या ब्रशशिवाय निघत नाही आणि त्या ब्रशने पट्टी संपते. मुकादमाने हे काम अंगावर घेतलं. संध्याकाळी हातपाय धुवायच्या पिंपाशेजारी दुसरं पिंप ठेवलं आणि घरी जायच्या आधी जॅकेट तिथेच बुचकळायची सवय लावली.

दराचं सांगते. जुनं जाळीचं जॅकेट आम्हाला ७० रुपयांच्या आसपास पडायचं, हे ३०० च्या घरात पडलं, तेही घासाघीस करून. जुनं महिना-सव्वा महिन्यात फाटायचं आणि त्याआधीच दिसेनासं व्हायचं. माणशी दोन घेतल्यावर रक्कम मोठी दिसली, अण्णांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला. मी हंगामाचा हिशेब मांडून दाखवला, पण खरं सांगायचं तर क्रशरच्या रस्त्यावर त्या रात्री त्यांनी जे बघितलं त्यापुढे हिशेबाची गरज उरली नव्हती. एक गोष्ट मी आधीच लिहून घेतली: जॅकेटाचे पैसे कुणाच्याही मजुरीतून कापायचे नाहीत, हरवलं तरी नाहीत. पैसे कापले की माणसं जॅकेट जपायला लागतात, म्हणजे घरी घडी करून ठेवतात आणि कामावर विनाजॅकेट येतात.

खरेदीच्या ऑर्डरमध्ये मी नुसतं 'सेफ्टी जॅकेट' लिहिलं नाही. आयएस १५८०९ ची खूण आणि चालू परवाना क्रमांक, वर्ग २ आणि झेंडेवाल्यांसाठी वर्ग ३, पट्टी ५० मिलिमीटर रुंद आणि दोन्ही कडांनी शिवलेली, खांद्यावर पट्टी, रंग, चार साइज, आतला खिसा, आणि माल नमुन्याशी जुळला नाही तर परत, हे सगळं लिहिलं. माल आल्यावर प्रत्येक गठ्ठ्यातलं एक जॅकेट काढून टेप लावली. एका गठ्ठ्यात कुशीतली पट्टी तुटक निघाली, तो गठ्ठा परत गेला. व्यापारी थोडे नाराज झाले, पण पुढचा माल चोख आला.

आता जॅकेट देताना आतल्या लेबलवर पक्क्या शाईने तारीख टाकते. महिन्यातून एकदा काम सुटताना सगळ्यांना पिकअपच्या दिव्यांसमोर उभं करते आणि ज्याचं मंद दिसेल त्याचं तिथेच बदलते. माणसं स्वतःच एकमेकांकडे बघून सांगायला लागली आहेत, "ह्याचं गेलंय, ताई, ह्याला नवं द्या." रद्द केलेलं जॅकेट कात्रीने कापते, नाहीतर ते फिरून कुणाच्या तरी अंगात येतं.

सध्या रेनकोटांचं चाललं आहे. पावसाळ्यात जॅकेटावर निळा-काळा रेनकोट चढला की खालचं सगळं झाकलं जातं, म्हणून रेनकोटच पट्टीचे घ्यायचे आहेत, झेंडेवाल्यांना बाह्या आणि पँटसकट. अडचण अशी की उघड्या मण्यांच्या पट्टीवर पाण्याचा थर बसला की तिची चकाकी बरीच उतरते, त्यामुळे ओल्यातही किती दिसते हे बघूनच घ्यावे लागतील. तीन नमुने आले आहेत. टँकर आणि पिकअप सांगून ठेवली आहे. रेनकोटांवर पाणी मारून ते त्याच ऐंशी मीटरवर उभे करणार आहोत आणि डंपरवाल्या भाऊंना आधीच सांगून ठेवलंय की केबिनमध्ये तुम्हीच बसायचं.